गोळी न सोडण्याचं पच्चक्खाण

गेलं वर्षभर मी मंचरला दातांच्या डॉक्टरकडे जात होते, आणि माझे दात अगदी ठणठणीत होते. नारायणगावात आमचं भांड्यांचं दुकान आहे. अर्धं गाव ओळखीचं आणि उरलेलं अर्धं गिऱ्हाईक. महिन्यातून एकदा दुपारी शटर ओढून आम्ही गाडी काढली की शेजारचा कापडवाला हमखास विचारायचा, "काय राव, आज कुठं दौरा?" आणि आमचे हे न चुकता सांगायचे, "हिची दाढ." एका बाईला दाढा तरी किती असाव्यात, हे कुणी मोजलं नाही म्हणून आमचं निभावलं. डॉक्टर खरे मनाच्या आजाराचे होते. ते नारायणगावात सांगायची माझी छाती नव्हती, म्हणून तर डॉक्टर मंचरचा शोधला होता.

आजाराला कारण असतं तर मी लाज कमी बाळगली असती. पण कारण नव्हतं. मुलगी चांगल्या घरी पडलेली, दुकान बरं चाललेलं, नवरा असा की त्याच्यावर चिडायचं म्हटलं तरी हसू यावं. आणि तरी दिवाळीनंतर माझ्या आतलं काहीतरी विझत गेलं. भांड्यांवर नावं घालायचं काम आमच्याकडे मीच करते. विजेच्या पेनासारखं यंत्र असतं, त्याची सुई थरथरते आणि स्टीलवर अक्षर उमटतं. लोक म्हणतात माझं अक्षर छापल्यासारखं येतं, आणि या गोष्टीचा मला थोडा गर्व आहे, तो इथे कबूल करून टाकते. त्या दिवसांत मी कुणाच्या तरी लेकीच्या संसाराच्या ताटांवर नावं घालत बसायचे आणि डोळ्यांतून पाणी ताटात पडायचं. पहाटे जाग यायची ती छातीवर दगड ठेवल्यासारखी. जपाची माळ हातात फिरायची, मणी पुढे जायचे, मन होतं तिथेच बसलेलं. धर्म करून करून मन शांत होत नाही म्हणजे माझीच श्रद्धा कच्ची, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन मंचरचं नाव सुचवलं. मंचरचे डॉक्टर तरुण, पण बोलणं सावकाश. त्यांनी एक गोळी दिली, रात्री जेवणानंतरची. म्हणाले, हिचा गुण यायला दोनचार आठवडे लागतात, पहिल्या दिवसांत मळमळेल, तोंडाला कोरड पडेल, घाबरू नका. जास्त वाईट वाटायला लागलं, जगू नये असं मनात आलं, तर लगेच फोन करा, वेळ बघू नका. हे त्यांनी ह्यांनाही वेगळं सांगितलं. दुसरी कुठलीही गोळी, काढा, चूर्ण सुरू करायच्या आधी विचारा. आणि शेवटी बोट वर करून म्हणाले, "बरं वाटायला लागलं की लोक स्वतःच गोळी बंद करतात. तुम्ही तेवढं करू नका. बरं वाटल्यावरही काही महिने ती चालू ठेवायची असते. बंद करायची वेळ आली की मी हळूहळू कमी करीन." मी मान डोलावली. मान डोलवायला मला कधीच अडचण येत नाही.

गुण आला तो चौथ्या आठवड्यात, आणि आला तोही कसा. एक बाई पितळी घागरीला पोचा आहे म्हणून किंमत पाडून मागत होती आणि मी तिच्याशी चांगली पंधरा मिनिटं हुज्जत घातली. बाई गेली. वळून बघते तर हे गल्ल्यावर बसून डोळे पुसताहेत. "अहो, काय झालं?" म्हटलं. म्हणाले, "तू भांडलीस! किती महिन्यांनी भांडलीस!" त्या दिवशी आम्ही दोघांनी दुकानातच बसून भेळ खाल्ली. हळूहळू जेवणाला चव आली, झोप परतली, माळेचे मणी आणि मन पुन्हा बरोबर चालायला लागलं. गोळीने न निघालेला असा एकच काटा आता मनात होता. सगळ्यांत वाईट दिवसांत मी मनाशी एक बोलून बसले होते, की यातून उठले तर पर्युषणात अठ्ठाई करीन.

पर्युषण म्हणजे पावसाळ्यातले आम्हा जैनांचे तपाचे आठ दिवस. अठ्ठाई म्हणजे त्या आठही दिवसांचा सलग उपवास, अन्नाचा कण नाही, फक्त उकळून गार केलेलं पाणी आणि तेही दिवस मावळायच्या आत. आमच्या संघातल्या कितीतरी बायका करतात, माझ्याहून थोर वयाच्यासुद्धा. मी एकदाही केली नव्हती. म्हणून यंदा मी अगदी पक्कं ठरवलं. बोललेलं करायचं. आणि उपवासात गोळी चालणार नाही, हेही माझं मीच ठरवलं. कुणाला विचारलं नाही. डॉक्टरांना विचारावं तर ते नको म्हणतील, आणि महासतीजींना, म्हणजे आमच्या साध्वींना, विचारावं तर कसली गोळी ते सांगावं लागेल.

खरं तर गोळीशी माझा व्यवहार आधीपासूनच लबाडीचा होता. आम्ही चोविहार पाळतो, म्हणजे दिवस मावळल्यावर तोंडात पाणीसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले रात्री जेवणानंतर, आणि मी त्यांना सांगितलंच नाही की आमच्या घरात रात्रीचं जेवणच नसतं. मी ती दिवसाउजेडी, दुकानातून पळत येऊन घ्यायचे. गिऱ्हाइकांची गर्दी असली की सूर्य बुडायचा आणि गोळी राहून जायची. मग दुसऱ्या दिवशी मी हुशारीने दोन घ्यायचे. दोन घेतलेल्या दिवशी पोट ढवळायचं, गरगरायचं, तर मी दोष बिचाऱ्या वरणाला द्यायचे. डॉक्टर विचारायचे, "नियमित घेताय ना?" आणि मी मान डोलवायचे.

तर पर्युषण सहा दिवसांवर आलं तेव्हा शरीराला सवय व्हावी म्हणून मी गोळी एकदम बंद केली. ह्यांना कळू नये म्हणून रोज पाकिटातली एक फोडायची आणि दुकानातल्या काउंटरमागे एक न खपलेली जुनी पितळी डबी होती, तिच्यात टाकायची. पहिला दिवस छान गेला. वाटलं, बघा, उगाच घाबरवतात. तिसऱ्या दिवसापासून मात्र डोकं वळवलं की आत विजेचा बारीक झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. माझं नाव घालायचं यंत्र जणू डोक्याच्या आत चालू होऊन बंद व्हायचं. जिना उतरताना तोल जायचा. झोपेत नको नको ती स्वप्नं पडायची. ह्यांच्या घोरण्याचा राग, कापडवाल्याच्या खोकण्याचा राग, आणि मग आपल्याच रागाचं रडू. मी स्वतःची समजूत घातली की हे तपाआधीचं कर्म जळतंय. इतकं सोयीचं स्पष्टीकरण मिळाल्यावर माणूस कशाला डॉक्टरला फोन करतो?

पर्युषणाच्या आदल्या दिवशी दुपारी एक बाई दुकानात आली. नऊवारी, डोक्यावर पदर, पाठीला इरल्याऐवजी नवीन छत्री अडकवलेली. नाव हौसाबाई, मढ गावची. लेक नारायणगावात दिलेली, तिला मुलगी झाली होती, बारशाला वाटी-चमचा हवा होता. नातीचं नाव ठरलेलं होतं, तृप्ती. "जरा झ्याक अक्षरात घाला बरं, बाई. पहिलीच नात हाय," म्हणून ती समोरच्या स्टुलावर बसली आणि माझ्या हाताकडे कौतुकाने बघायला लागली. पहिलं अक्षर झालं, दुसरं झालं, आणि डोक्यात तो झटका बसला. हात उडाला. सुई नावावरून सरळ वाटीच्या काठापर्यंत गेली. पंचवीस वर्षांत माझ्या हातून असा ओरखडा निघाला नव्हता. मी वाटी पदरात लपवायला गेले आणि मला रडू कोसळलं, ते परक्या बाईसमोर, भर दुपारी, दुकानात.

हौसाबाई वाटीकडे बघेच ना. माझ्याकडे बघत म्हणाली, "हाताला कापरं भरलंय. डोक्यात झटकं बसत्यात का?"

मी चपापले. म्हटलं, "दाढेचा त्रास आहे."

"दाढंनं हात न्हाई कापत, बाई," ती म्हणाली, आणि तिने कमरेची कापडी चंची सोडली. सुपारीच्या, चुन्याच्या डबीशेजारी गोळ्यांचं पाकीट होतं. गोळी माझी नव्हती, पण तशाच डॉक्टरची होती. "ही माजी. मन लई कावलं व्हतं माजं, दोन साल झाली. औंदा आवणीच्या वक्ताला गोळ्या सपल्या अन् पावसानं दवाखान्यात जायाला जमलं न्हाई. आठ दिस आसंच झालं. चिखलात रोप लावायचं तर मीच आडवी. डाक्टर लई वरडले. म्हणले, हौसाबाई, आपल्या मनानं बंद करायची न्हाई, कमी करायची तर मी करीन." मग हलकेच विचारलं, "तुमची बी चुकली का काय?"

दुकानात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. हो म्हणायला काय हरकत होती?  पण मी म्हटलं, "नाही हो, दाढच आहे." ती हसली. लबाड माणूस ओळखून त्याला माफ करायचं, तसं हसली. "बरं बाई, दाढ तर दाढ. पर दाढंच्या डाक्टरला आजच फोन लावा. वाटीची घाई न्हाई, मी चार दिसांनी फिरून येती." आणि मढकडे जाणारी जीप लागली होती म्हणून छत्री सावरत निघून गेली. मी फोन लावला नाही. उद्या पच्चक्खाण घेतलं की सगळं आपोआप निवळेल, असं मी त्या ओरखडा पडलेल्या वाटीकडे बघत ठरवलं.

पच्चक्खाण म्हणजे गुरूंसमोर हात जोडून घेतलेला सोडण्याचा नियम. अन्न सोडलं, तर अन्नाचं पच्चक्खाण. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरी साडी नेसून ह्यांच्याबरोबर स्थानकात गेले. स्थानक म्हणजे आमची धर्मसाधनेची जागा, साधीच, लांबट हॉल, पुढे पाटावर महासतीजी. यंदा चातुर्मासाला आलेल्या महासतीजी साठीच्या असतील, कृश, चष्म्याआड डोळे मिश्कील. उपवास करणाऱ्या आम्ही वीसेक बायका रांगेत उभ्या राहिलो. ते प्राकृत शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दर वर्षी महासतीजी ते झरझर म्हणतात, आपण हात जोडतो, शेवटी मान लववतो, संपलं. पण त्या दिवशी त्या थांबल्या. म्हणाल्या, "दर साल तुम्ही ऐकता आणि डोकं हलवता. आज मी एकेका शब्दाचा अर्थ सांगते. कशाला हो म्हणताय ते तरी कळू दे." मान डोलवणारीला हे बोलणं नेमकं कुठे लागलं ते काय सांगू!

त्या सांगत गेल्या. नियमाबरोबर त्यातच काही सवलती सांगितलेल्या असतात, त्यांना आगार म्हणतात. नकळत काही तोंडात गेलं तर नियम मोडत नाही. अचानक उडून काही पडलं तर मोडत नाही. गुरूंनी काही मोठ्या कामासाठी सांगितलं तर मोडत नाही. "आणि शेवटचा आगार," त्या म्हणाल्या, "समाधीचा. दुखण्यानं शरीर आणि मन ठिकाणावर राहिना झालं, आणि ते ठिकाणावर राहावं म्हणून औषध घेतलं, तरी नियम मोडत नाही. ज्यांनी हे तप सांगितलं ना, भाग्यवानांनो, त्यांनी औषधाची जागा त्यातच ठेवली आहे. ती आपण पुसायची नाही."

चाळीस-एक वर्षं मी हे शब्द ऐकत आले होते. त्या शब्दांत माझी गोळी होती. मी ज्या तपासाठी ती सोडली, त्या तपाने ती कधी सोडायला सांगितलीच नव्हती. महासतीजींना माझ्याबद्दल काडीचीही माहिती नव्हती. त्यांनी त्याच सकाळी अर्थ का सांगायला घेतला, हे मी त्यांना नंतरही विचारलं नाही. आमच्या धर्मात तीर्थंकर हात धरायला खाली येत नाहीत, हे मला पाठ आहे. मी एवढंच लिहिते की आदल्या दिवशी मढची बाई आली, आणि दुसऱ्या दिवशी हे शब्द आले, आणि दोन्ही माझ्यासाठीच आल्यासारखे वाटले. डोक्यात पुन्हा एक झटका बसला. मी शेजारणीचा हात धरला आणि रांगेतून मागे येऊन भिंतीला टेकून बसले.

सगळ्यांचं झाल्यावर महासतीजींनी खुणेने बोलावलं. "काय त्रास आहे?" त्यांनी विचारलं. जिभेवर दाढ आली होती हो, खरंच आली होती. पण स्थानकात, पर्युषणाच्या पहिल्या दिवशी, तोंडावर मुहपत्तीचं कापड बांधून खोटं कसं बोलायचं? मी सगळं सांगितलं. आजार, गोळी, बोललेली अठ्ठाई, पितळी डबी.  त्या म्हणाल्या, "आम्ही घरोघरून गोचरी आणतो, तिच्यात भाकरीबरोबर औषधही येतं, माहीत आहे ना? माझी थायरॉईडची गोळी रोज सकाळी घ्यावी लागते. ती घेते म्हणून माझा संयम उणा झाला असं वाटतं तुला?" मी घाईने नाही नाही म्हटलं. "मग तुझाच का होईल? आणि ऐक, आगार आहे म्हणून गोळी घे आणि आठ उपवास कर, असं मी म्हणत नाही. ते डॉक्टरांनी सांगायचं. त्यांना विचारल्याशिवाय मी तुला कसलंच पच्चक्खाण देणार नाही. फोन आत चालत नाही. जा, बाहेर जाऊन कर."

चपलांच्या ढिगाशेजारी उभं राहून मी ह्यांच्या फोनवरून डॉक्टरांना फोन लावला, आणि हे समोर उभे. सहा दिवसांची गोष्ट ह्यांना तिथेच पहिल्यांदा कळली. माझी तर पाचावर धारण बसली होती. डॉक्टर मात्र ओरडले नाहीत. गोळी बंद करून किती दिवस झाले विचारलं, झटके कसे येतात विचारलं, जगू नये असं काही मनात येतं का तेही सरळ विचारलं. मी म्हटलं, नाही, पण रडू फार येतं. म्हणाले, "एकदम बंद केल्यानं होतं हे, तुम्हाला दुसरं काही झालेलं नाही. आज आधीइतकीच एक घ्या. राहिलेल्या भरून काढायला दोन घेऊ नका." तिथे मी दोन-दोन घेतल्याचंही सांगून टाकलं, आणि चोविहाराचंही.  पलीकडे ते हसले. "अहो ताई, रात्री जेवत नाही हे आधी सांगायचं ना! मी सकाळची दिली असती." सकाळी नवकारशीनंतर, म्हणजे सूर्योदयानंतर आम्ही पहिला घास घेतो त्या वेळी, अशी गोळी ठरली. आठ दिवसांचा उपवास यंदा नको, दोन वेळा जेवून जे करायचं ते करा, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन जा, असं त्यांनी सांगितलं. फोन ठेवला आणि माझा जीव भांड्यात पडला.  हे एवढंच म्हणाले, "मला सांगायचंस ना गं. मी तुझ्याबरोबर घोरणंसुद्धा सोडलं असतं." आम्ही दोघं स्थानकाच्या दारात, चपलांमध्ये उभे राहून हसलो.

आत जाऊन मी डॉक्टरांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. महासतीजींनी मला बियासणं दिलं, म्हणजे दिवसातून दोनदाच बसून जेवायचं. अठ्ठाई हुकली म्हणून माझा चेहरा पडला असावा. त्या म्हणाल्या, "बोललेलं राहिलं असं वाटतं ना? मग एक पच्चक्खाण अजून घे, अवघड आहे हं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ही गोळी सोडणार नाही, चुकवणार नाही, लपवणार नाही." लोक अन्न सोडायचं पच्चक्खाण घेतात, गोड सोडायचं घेतात, रात्रीचं पाणी सोडायचं घेतात. न सोडण्याचं पच्चक्खाण मी कधी ऐकलं नव्हतं. पण मी हात जोडले, आणि या वेळी मान डोलवायच्या आधी मनात एकदा नीट वाचल्यासारखं करून बघितलं, आपण कशाला हो म्हणतोय ते.

दुसऱ्या दिवशी मंचरला गेलो. कापडवाल्याने विचारलं, "दाढ?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून अजून काही निघेना, म्हणून दाढच. झटके दोनतीन दिवसांत कमी होत गेले, आठवडा सरायच्या आत गेलेच. चौथ्या दिवशी हौसाबाई ठरल्याप्रमाणे आली. मी तिच्यासाठी नवी वाटी काढून ठेवली होती, तिच्यावर तृप्तीचं नाव तिच्यासमोरच घातलं, काठावर दोन फुलंही जास्तीची. मग हात जोडून म्हटलं, "हौसाबाई, मला माफ करा. तुम्ही खरं ओळखलं होतंत आणि मी तुमच्याशी खोटं बोलले. माझी गोळी चुकली होती. दाढ नव्हती."

"आगं बाई! मला काय कळत नव्हतं व्हय?" ती खो खो हसली. "मी बी पयल्यांदा लोकांना गुडघं दुखत्यात म्हणून सांगायची. मंग गुडघ्याला तेल लावायला लोकं यायला लागली, तवा म्हणलं, आता खरं सांगितलेलं बरं." चहा घेऊन ती गेली. जाताना म्हणाली, "ती पयली वाटी टाकू नगा. चांगलं टिकाऊ स्टील हाय." मी टाकली नाही. ओरखड्याच्या खाली, अर्धवट राहिलेल्या नावाशेजारी, मी त्या वाटीवर माझं नाव घातलं. हजारो भांड्यांवर दुसऱ्यांची नावं घातली, स्वतःचं पहिल्यांदाच. रोज सकाळी नवकार म्हणून मी त्या वाटीत गोळी काढते, मग पहिला घास आणि मग ती. काउंटरमागची पितळी डबी मी रिकामी करून विकायच्या भांड्यांत परत ठेवली.

त्या आठ दिवसांत मला एक गोष्ट कळली, ती साधीच आहे. मंगल पाठातली चार शरणं मी लहानपणापासून रोज म्हणते. पण मी शरण जायचे ते एका हाताने. दुसऱ्या हातात माझा निर्णय घट्ट धरलेला असायचा, आणि त्याला मी श्रद्धा म्हणायचे. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, आणि वरून म्हणायचं की सगळं धर्मावर सोडलंय. त्या सकाळी स्थानकाच्या दारात डॉक्टरांना सगळं खरं सांगताना दुसरा हात उघडला. त्याहून मोठं तप माझ्याच्याने आजवर झालेलं नाही, आणि त्याचं मला फार बरं वाटतं. तीर्थंकरांना, त्या महासतीजींना, मंचरच्या डॉक्टरांना आणि मढच्या हौसाबाईला मी रोज त्या वाटीसमोर एकदम वंदन करते. कोण आधी, कोण नंतर, असा क्रम लावत नाही.

आठव्या दिवशी संवत्सरी. वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा दिवस. त्या दिवशीचं प्रायश्चित्ताचं प्रतिक्रमण झाल्यावर सगळे एकमेकांना हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणतात, आणि बहुतेक जण ते चालता चालताच म्हणतात. मी बायकांच्या घोळक्यात उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "मी वर्षभर तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलले. माझे दात चांगले आहेत. मी मंचरला मनाच्या डॉक्टरकडे जाते आणि रोज त्यांची गोळी घेते. मिच्छामि दुक्कडम्."  मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळ्याच हसायला लागल्या, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी पारणं होतं. अठ्ठाई केलेल्या बायकांना मुगाचं पाणी पाजायचा सोहळा चालला होता. मी वाढायला होते. तेवढ्यात आमच्या संघातली एक बाई, यंदा अठ्ठाई केलेली, गळ्यात हार, सगळ्यांच्या कौतुकाची, हळूच माझ्याजवळ सरकली. मुगाच्या पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला होता.  तिने इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"भाभी," ती म्हणाली, "माझीसुद्धा एक दाढ दुखते. दोन वर्षं झाली."

मी तिच्या हातातला पेला खाली ठेवला आणि तिचा हात धरला. म्हटलं, "आधी पारणं नीट कर. मंगळवारी आम्ही जाणारच आहोत. गाडीत जागा आहे."